हात कुठं हायत?

कुठलंही चित्र किंवा फोटो समोर आला की बाई आधी त्यातल्या माणसाचा चेहरा आपल्या तळहातानं झाकत. मग मान तिरकी करून उरलेलं चित्र बघत आणि विचारत, "हात कुठं हायत?"

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारीला डोळ्यांचा काही त्रास असेल. माजलगावात मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. दुकानाच्या वरची खोली बाईंनी भाड्यानं घेतली, त्या दिवसाची गोष्ट. हमाल त्यांचं सामान वर चढवत होते आणि बाई खाली माझ्या दारातल्या वाढदिवसाच्या बॅनरसमोर उभ्या होत्या. बॅनरवर एक भावी नगरसेवक. पांढरे कपडे, काळा चष्मा, गळ्यात बोटाएवढी जाड सोन्याची साखळी, कानाला मोबाइल. बाईंनी हात उंच करून त्याचा चेहरा झाकला.

"हा फोनवर कुणाशी बोलतोय?"

"कुणाशीच न्हाई मॅडम. पोज असती ती."

"आन गळ्यातली साखळी?"

"ती मीच टाकली."

"मग ह्यात ह्याचं सोताचं काय हाय?"

"वाढदिवस," मी म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. पण उत्तर आवडलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून चहाच्या वेळी त्या खाली येऊ लागल्या.

आधीच सांगून टाकतो, मी संशयी माणूस आहे. धंदाच तसा पडला. माझ्याकडे येणारा प्रत्येक चेहरा मी उजळतो, टकलावर फेटा चढवतो, पोट आत घेतो. एवढं करून गिऱ्हाईक म्हणतं, "आता कसं, हुबेहूब आलं." असं रोज ऐकणाऱ्यानं कुणावर विश्वास ठेवायचा? आणि हातांचं तर विचारूच नका. बॅनरवर पुढाऱ्यानं हात जोडलेले लागतात, पण हात जोडलेला धड फोटो कुणी आणून देत नाही. म्हणून मी एकदा पांढरा सदरा घालून माझ्याच हातांचा फोटो काढून ठेवला. गळ्याखाली तो चिकटवला की झाला नमस्कार. अर्ध्या तालुक्यातले पुढारी माझ्या हातांनी नमस्कार करतात. आमची बायको बाजारातून आली की म्हणते, "आज तुमी चौकात चार ठिकाणी हुबे हायत." त्यातल्या एका गिऱ्हाइकाला तर माझ्या हातांशिवाय इलाजच नव्हता. त्याचं पुढं येईलच.

बाई चित्रकलेच्या शिक्षिका होत्या. अंबाजोगाईकडच्या कुठल्याशा शाळेत जन्म काढून रिटायर झालेल्या. आता रिटायर झालेलं माणूस एक तर घर बांधतं, नाहीतर पुण्याला पोराकडे जाऊन कंटाळतं. ही बाई फ्लेक्सच्या शाईचा वास येणाऱ्या माडीवर एकटी राहायला येते, हे काही मला सरळ वाटलं नाही. कपाळाला ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र नाही. विचारायची सोय नव्हती. एकदा आडून आडून विचारलं, "मॅडम, घरची मंडळी कुठं असतात?" तर म्हणाल्या, "आपापल्या घरी." विषय तिथंच संपला.

गावाचाही संशय होताच. बाई सकाळी मोंढ्यात जाऊन एखाद्या पोत्यावर बसत आणि माणसं बघत. टक लावून. आडत्यांच्या अंगठ्या, हमालांची मनगटं, तराजू धरणाऱ्याचा अंगठा. कुणी म्हणालं सीआयडीची बाई आहे, कुणी म्हणालं जीएसटीची. आडत्यांनी दोन दिवस अंगठ्या घालणं सोडलं, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. आमच्या दारात भाजी विकणारी मावशी तर बाई जिना उतरताना दिसल्या की तोंडावर पदर ओढायची.

"त्या मॅडमला सांगा की वो," ती मला म्हणायची, "माझ्याकडं कावून बघायल्यात सारख्या?"

मी निरोप दिला. बाई म्हणाल्या, "बघितल्यानं माणूस झिजतंय का?" आणि दुसऱ्या दिवशी मावशीचे जुड्या बांधणारे हात कागदावर काढून तिला नेऊन दिले. मावशीनं कागद उलटसुलट करून पाहिला, घडी घालून चोळीत ठेवला आणि पदर काही खाली घेतला नाही.

बाईंची सगळी विद्या एका पुस्तकात होती. पाट्याएवढं जाड पुस्तक, जुन्या पुस्तकांच्या बाजारातून आणलेलं, कव्हर फाटलं म्हणून इरकली लुगड्याचा तुकडा शिवलेला. आत इटलीतली आणि तिकडच्या मुलखातली माणसं. चार-पाचशे वर्षांपूर्वीचे सरदार, सावकार, व्यापारी, त्यांच्या बायका. पहिल्यांदा पुस्तक उघडलं तेव्हा मी मनात म्हणालो, कुणाची मेलेली माणसं ही, आपल्याला काय त्यांचं? पण बाईंनी एकेकाचा चेहरा झाकून सांगायला सुरुवात केली आणि चहा गार झाला.

"हा बघ. काळे कपडे. तुला वाटंल साधा माणूस. पण त्या काळी इतका गडद काळा रंग लई महाग पडायचा. ज्याला कळायचं त्याला कळायचं. हातात हातमोजे धरलेत बघ, घातले न्हाईत. म्हंजे ह्या हाताला काम न्हाई, हे सांगायलाय तो. आन हा दुसरा. ह्याची अंगठी बघ, बोट कसं पुढं काढलंय. ह्याचा पैसा नवा हाय."

"आन जुना पैसा?"

"जुन्या पैशाचा हात सैल पडतो. त्याला दाखवायची घाई नसते."

खिडकीतून मागं शेत, नदी, डोंगर दिसत असेल तर ती जमीन त्याची, असं समजायचं. हातात पुस्तक असेल तर वाचलेलं असेलच असं नाही. सुरुवातीच्या चित्रांत माणसं एका बाजूला तोंड करून बसत, नाण्यावरच्या राजासारखी. पुढं पुढं वळली आणि थेट आपल्याकडे बघू लागली. "वळली तिथं फसली," बाई म्हणायच्या. "कडेनं बसला तवर नुसता मान होता. समोर बघायला लागला की स्वभाव दिसायला लागला." बायकांच्या अंगावरचे दागिने माहेरचे की सासरचे, हेही त्या सांगायच्या. कशावरून, ते मला कधी कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते पटायचंही नाही.

"मॅडम," मी एकदा म्हणालो, "म्हंजे ह्येंचे बी बॅनरच की. मागं शेत न्हाई, आपल्याकडं स्कॉर्पिओ असती एवढंच."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर. फरक एकच. चित्रकार महिनोन् महिने त्या माणसाकडं बघत बसायचा. मग काढायचा. त्यामुळं माणसाला नको असलेलं पण आत यायचंच."

बाई फारच जोरात चिडल्या की पुस्तकी मराठी बोलत. दोन भाऊ वडील वारल्यावर त्यांचा फोटो घेऊन बाईंकडे आले होते. वर्षश्राद्धाला रंगीत चित्र हवं. फोटोत म्हातारबुवा कोटात. बाईंनी चेहरा झाकला आणि म्हणाल्या, "कोट ह्यांचा न्हाई. बाही बघा, बोटाच्या पेरापर्यंत आलीय. स्टुडिओतला कोट हाय." पोरं म्हणाली, असू द्या की, कोटच काढा. बाई म्हणाल्या, "मी तुमच्या वडिलांचं चित्र काढणार आहे, स्टुडिओच्या कोटाचं नव्हे." भाऊ तडक जिना उतरून माझ्याकडे आले. मी कोट तर ठेवलाच, वर खिशाला पेनही लावला. हुबेहूब आलं म्हणाले.

मात्र स्वतःचा फोटो बाई कुणाला काढू द्यायच्या नाहीत. शिक्षकदिनाला मी प्रेमानं मोबाइल वर केला, तर हात पुढं करून लेन्सच झाकली. "ज्याला दुसऱ्याचं चित्र वाचता येतं, त्यानं आपलं कुणाच्या हातात देऊ नये," म्हणाल्या. माझा संशय आणखी वाढला. काहीतरी लपवतेय ही बाई, असं मी बायकोला त्या रात्री सांगितलं. बायको म्हणाली, "तुमी समद्यांचे फोटो बिघडवता, तिला ठावं असंल."

आता मुकादम.

उन्हाळा होता. साखर कारखान्यांचा पट्टा पडलेला, म्हणजे हंगाम संपलेला, ऊसतोडीच्या टोळ्या गावोगाव परतलेल्या, त्यामुळे टोळ्या नेणाऱ्या मुकादमांना सवड होती. आमच्या भागातला एक मोठा मुकादम. एके काळी स्वतः ऊस तोडलेला, आता बायपासला बंगला, दारात दोन गाड्या, आणि येत्या पंचायत समितीला उभं राहायचा विचार. त्याचा चेहरा मीच तालुक्याला पाठ करून दिला होता. आणि माझ्या हातांशिवाय इलाज नसलेलं गिऱ्हाईक ते हेच. त्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. हात कायम शालीखाली असायचा, भर मे महिन्यातसुद्धा. पहिल्याच बॅनरच्या वेळी त्यानं मला सांगितलं होतं, "हात तुझे टाक बे. आन ह्याच्यावर चर्चा नको."

चर्चा नको म्हटल्यावर गाव गप्प बसतं होय? कुणी म्हणायचं हाणामारीत गेली, कुणी म्हणायचं टोळीतून पळालेल्या माणसाला झोडपताना गेली, कुणी म्हणायचं देवाची खोटी आण घेतली त्याचं फळ. मला सगळ्यात वाईट गोष्ट खरी वाटायची. मला नेहमी तीच वाटते.

तर हा मुकादम दुकानात येऊन म्हणाला, "कावून बे, वरची बाई म्हणं रंगानं चित्र काढती?"

"काढतात."

"मला काढायचंय. राजाचं असतंय तसलं. हॉलमधी लावायला. मी आन आमची मालकीण."

मी वर जाऊन सांगितलं. बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो तुम्ही ओळखलाच असेल. मी म्हणालो, "हात दाखवणार न्हाई तो." बाईंचे डोळे चमकले. "येऊ दे. बघू कसा दाखवत न्हाई."

उत्तरेच्या खिडकीशी दोन खुर्च्या ठेवल्या गेल्या. मुकादम फेटा बांधून बसला. त्याच्या डाव्या अंगाला बायको. "आपल्याकडं वामांगी म्हणतात," बाई मला म्हणाल्या, "तिकडं पण बायको त्याच बाजूला असते." म्हणजे शालीखालचा तो हात बरोबर बायकोच्या शेजारी आला. वहिनी पैठणी नेसून, अंगभर सोनं घालून आल्या होत्या. पाटल्या मनगटावर कशाबशा चढलेल्या, कारण हाताचा पंजा रुंद आणि गाठीगाठीचा. पाचटानं कापल्याच्या जुन्या रेघा अजून होत्या. बाईंनी एक डोळा मिटला, तळहात धरला, आणि वहिनींचे हात फार वेळ बघत राहिल्या.

दर दोन-तीन दिवसांनी बैठक व्हायची. मुकादम बसल्या बसल्या फोनवर टोळ्यांची जमवाजमव करायचा, बाई त्याला "हलू नका" म्हणायच्या. वहिनी एक अक्षर बोलायच्या नाहीत. त्यांची नजर मात्र सदा खाली. नवऱ्याच्या शालीकडे.

एका संध्याकाळी बाई चहाला खाली आल्या त्या गंभीर होऊन. "ती बाई भितीय," म्हणाल्या. "तिच्या नजरेत भेव हाय. सारखी त्या हाताकडं बघते. त्या हातानं तिला मारलेलं असणार."

"बोटं नसलेल्या हातानं, मॅडम?"

"बोटं जायच्या आधी."

म्हणजे बघा, गावातल्या सगळ्या गोष्टींपेक्षा वाईट गोष्ट बाईंनी नुसत्या नजरेवरून काढली होती, आणि ती मला ताबडतोब पटली. मग आम्ही दोघांनी चहा पीत पीत त्या माणसाचा पार निकाल लावला. तो मोठ्यानं का बोलतो, बायको गप्प का असते, पैठणी नवीन का, सगळ्याचा अर्थ लागला. संशयाला जोडीदार मिळाला की फार बरं वाटतं.

निवडणुकीच्या बॅनरचा नमुना त्याच आठवड्यात तयार झाला. मुकादम वर बसलेलाच होता, म्हणून मी कागद घेऊन जिना चढलो. मुकादमानं तो पसरला. फेट्यातला हसरा चेहरा, खाली माझे जोडलेले हात, दहाच्या दहा बोटं. "झकास," तो म्हणाला. बाई जागेवरून उठल्या, कागदावरच्या चेहऱ्यावर तळहात ठेवला.

"हे हात कुणाचे?"

"बॅनरमधी चालतंय ते."

"मुकादम," बाई म्हणाल्या, आणि पुस्तकी मराठी सुरू झाली, "शाल काढा. अन्यथा हे चित्र पूर्ण होणार नाही. ज्या हातानं जे केलं ते लपवायचंच असेल, तर त्यासाठी फ्लेक्सवाला आहे. माझ्याकडे येऊ नका."

मी जिन्याकडे सरकलो. मुकादम उठला. तोंड लाल झालेलं. "चल गं," तो बायकोला म्हणाला.

वहिनी उठल्या नाहीत. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"त्या हातानं काय न्हाई केलं, बाई. केलं ते ह्या हातानं." त्यांनी आपला उजवा हात वर केला. पाटल्या खळकन खाली आल्या. "लगीन झाल्यावर पयलंच साल. तिकडं कर्नाटकात गेलतो तोडीला. आमी दोघं मिळून एक कोयता."

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी अशीच मोजतात. दोन माणसं, एक कोयता. बाईंना हे माहीत होतं, बीड जिल्ह्यात कुणाला माहीत नाही?

"पहाटंची थंडी लई. ह्येनी मोळी धरलेली, मी वरचं वाढं छाटत व्हते. हात बधिर झालता. कोयता सुटला माझा."

"गप बस की," मुकादम म्हणाला.

"कावून गप? इतकी वर्सं गपच हाय. चौकाचौकात तुमचं चित्र लावत्यात, समदी बोटं असल्यालं. त्यो माझा नवरा न्हाई. ज्याची बोटं माझ्या हातून गेली त्यो माझा नवरा. तुमाला त्याची लाज वाटती, मला ठावं हाय. माझी लाज वाटती."

मुकादम उभा होता तो हळूच खुर्चीत बसला. एवढा दणदणीत माणूस, पण आवाज पार बसला होता.

"लाज कशाची गं? तू भाकरी वाढताना ह्या हाताकडं बघून रडायचीस. अर्ध्या जेवणातून उठून जायचीस. म्हून झाकला. तुला दिसू नये म्हून."

"आता कुटं रडते मी?"

"आता झाकलेला असतोय की."

खाली माझं मशीन चालू होतं, त्याचा आवाज येत होता. मग वहिनींनीच हात पुढं करून शाल ओढून घेतली, तिची नीट घडी घातली आणि आपल्या मांडीवर ठेवली. मुकादमाचा डावा हात गुडघ्यावर होता. उन्हात न गेलेला, अंगापेक्षा उजळ हात. तीन बोटं.

बाईंनी रंगाची सुरी घेतली आणि कॅनव्हासवरचे दोन्ही चेहरे, जे जवळजवळ पुरे झाले होते, खरवडून काढले. "आज चेहरे न्हाईत," त्या म्हणाल्या. "आज हात. असेच राहू द्या."

दोघं गेल्यावर बाई चहाला आल्या, पण कपाला हात लावला नाही. म्हणाल्या, "माझ्या पुस्तकात हात झाकणारा माणूस एक तर पाप झाकतो, न्हाईतर कष्ट झाकतो. बायकोचं रडू झाकणारा पुस्तकात न्हाई बघ." मला त्या दिवशी मुकादम आवडला होता, आणि ते मला मुळीच आवडलं नव्हतं.

चित्र झालं. मी ते पाहिलं तेव्हा आपोआप माझा हात वर गेला आणि मी मुकादमाचा चेहरा झाकला. गुडघ्यावर तो हात, सैल पडलेला. शेजारी घडी घातलेल्या शालीवर वहिनींचा उजवा हात. पाटल्या होत्या, रेघाही होत्या. मागच्या खिडकीत बाईंनी बंगला काढला नव्हता, उसाचा फड काढला होता. आणि वहिनी खाली बघत नव्हत्या. थेट आपल्याकडे बघत होत्या.

मुकादमानं चित्र नेलं, पण हॉलमध्ये लावलं नाही. आतल्या खोलीत लावलं. "हॉलमधी कार्यकर्ते येत्यात," मला म्हणाला. "थोटा म्हणत्याल. विलेक्शन होऊ दे." बॅनरवर माझेच हात गेले. बाईंनी ते चौकात पाहिलं. भर रहदारीत उभं राहून त्यांनी हात वर केला आणि तो चेहरा झाकला. ट्रॅक्टरवाला थांबून म्हणाला, "आज्जी, रस्ता वलांडायचाय का?"

निवडणूक झाली, मुकादम निवडून आला, आभाराचे बॅनर लागले. त्यावरही माझेच हात. वहिनी मधूनमधून बाईंकडे यायच्या, ताकाची किटली घेऊन. जिन्यावर त्यांचं बोलणं मला ऐकू यायचं.

"बाई, भाईर कधी लावतील वो ते?"

"तुमी आत बघता का रोज?"

"बघते की."

"मग बसू द्या थोडं. ज्याचा हात हाय त्यानंच काढायचा असतो."

गेल्या पावसाळ्यात बाईंचा श्वास लागायला लागला. अंबाजोगाईहून भाची गाडी घेऊन आली. जाताना बाईंनी ते पुस्तक माझ्या काउंटरवर ठेवलं. "येईन तवर सांभाळ. शाईचे हात लावू नको." मी म्हणालो, "मॅडम, एक फोटो काढू का? आठवण म्हून." त्यांनी तळहात पुढं केला. लेन्सवर धरायला उठवेना, म्हणून बसल्या जागेवरून नुसता आडवा धरला. गाडी वळेपर्यंत मला तो तळहातच दिसत होता.

दिवाळीच्या आधी भाचीचा फोन आला. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत बसून राहिलो. माझ्यासारख्या माणसाला कुणाच्या जाण्यानं इतकं वाटावं, याचं मलाच नवल वाटलं. माडीवरच्या त्या बाईनं माझं कौतुक कधी केलं नव्हतं, माझ्या धंद्याला कायम नावं ठेवली, आणि मला मात्र आईनंतर कुणी असं रोज विचारपूस केल्यासारखं वाटायचं. मी रडलो. सांगायला काय हरकत आहे?

शटर खालून कुणीतरी वर ढकललं. मुकादम आणि वहिनी. वहिनींचे डोळे सुजलेले.

"बाईचा बॅनर करायचा," मुकादम म्हणाला. "चौकात. मोठा."

"फोटो न्हाई त्यांचा."

"एक बी न्हाई?"

"भाचीकडं आधार कार्डाचा हाय म्हणली. पाठवू का विचारत व्हती."

"नको," वहिनी म्हणाल्या. "त्यांला आवडायचं न्हाई."

मी कॉम्प्युटर चालू केला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', झेंडूच्या माळेची चौकट, चौकटीच्या आत पांढरी जागा. ती तशीच ठेवली. खाली 'शोकाकुल' लिहून मुकादमाचा नेहमीचा फोटो उघडला आणि सवयीनं माझे हात शोधायला लागलो.

"थांब बे," मुकादम म्हणाला. "फोटू नवा काढ. आमचा दोघांचा."

तो पांढऱ्या पडद्यासमोर जाऊन उभा राहिला. शाल काढून बायकोकडे दिली. तिनं ती दंडावर टाकली आणि त्याच्या डाव्या अंगाला उभी राहिली. त्यानं हात जोडले. उजव्या हाताची दोन बोटं जोडीदार नसल्यानं मोकळीच राहिली. कॅमेरा डोळ्याला लावल्यावर मला नीट दिसेना, म्हणून मी तीन-चार फोटो काढले.

"हात?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती, पण धंद्यात विचारून घेतलेलं बरं.

"माझे."

दुकानाची पायरी उतरता उतरता वहिनी म्हणाल्या, "काल हॉलमधी लावलं त्येनी. सोता खिळा ठोकला."

बॅनर चौकात लागला. सकाळपासून लोक मला थांबवून सांगत होते, वर फोटो टाकायचा राहिला, मशीन बिघडलं का. भाजीवाल्या मावशीनं पाटी खाली ठेवली आणि त्या पांढऱ्या चौकटीकडे बघत पदर खांद्यावर घेतला. दोन कार्यकर्ते मुकादमाच्या हाताकडे बोट दाखवून कुजबुजत होते. त्यांना काय वाटलं असेल, त्याचा अंदाज मी करू शकतो. मीच केला असता.

मी चहाच्या टपरीपाशी उभा राहिलो. उजवा तळहात वर केला, मुकादमाचा चेहरा झाकला आणि मान तिरकी करून पाहिलं.

हात होते.